मालतीवहिनींचा तीळ

कोथरूड, रविवार संध्याकाळ

शेजारचे दातार स्वित्झर्लंडहून आले, म्हणून टीव्हीवर फोटो बघायचं आमंत्रण. सोबत मूठभर चिवडा, तोही मोजकाच. "हिचे फोटो ॲपवर जरा सुधारलेत," म्हणाले. सुधारलेत म्हणजे सुरकुत्या पुसल्या, साडीवरचा स्वेटर उडवला. बर्फात मालतीवहिनी नुसत्या साडीत उभ्या, अंगावर शहारा नाही. हनुवटीवरचा तीळही गायब. त्या तिळाने यांचं काय घोडं मारलं होतं? स्वतःचं पोट मात्र शाबूत ठेवलंय. ते बहुधा आधीच सुंदर असावं. वर आम्हाला उपदेश, परदेशात चेहरा कसा टिपावा. आधी घरातला नीट बघा म्हणावं.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. टीव्हीकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "अहो, या कोण? मी कुठे होते तेव्हा?" दातार एकटेच हसले.

निघताना वहिनी जिन्यापर्यंत सोडायला आल्या. "तुमच्या फोनवर माझा एक फोटो काढा," म्हणाल्या. जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली उभ्या राहिल्या, पदरसुद्धा सारखा केला नाही. फक्त हनुवटी वळवली, तीळ उजेडात येईल अशी.