एल्डनच्या गुहेतली वटवाघळं

२६ जानेवारी २००८
भर दुपारी वटवाघळं उडताहेत! व्हरमाँटची थंडी, कमरेएवढा बर्फ — आणि बंद पडलेल्या खाणीच्या तोंडाशी ही भिरभिरताहेत. एप्रिलपर्यंत झोपून राहायला हवीत. एक माझ्या बाहीवर येऊन पडलं. नाकावर पांढरी बुरशी, पीठ लागल्यासारखी. हातातच गेलं.

२७ जानेवारी
मी आणि बर्निस आत गेलो. चौदा हिवाळे आम्ही दोघी इथली वटवाघळं मोजतोय, दरवेळी आकड्यावरून भांडतो. आज भांडण नाही. पायाखाली मऊ लागत होतं. बर्निस म्हणाली, "खाली बघू नकोस. चाल तू."
गेल्या वर्षी अकराशे. आज छताला त्रेसष्ट.
काय आहे, कोणालाच ठाऊक नाही. बर्निसला वाटतं, बुरशीमुळे झोप मोडते, अंगातली चरबी संपते, मग भुकेनं बाहेर पडतात. बर्फात किडे कुठले मिळणार!

३० जानेवारी
एल्डन पर्किन्स दारात. ब्याऐंशी वर्षांचे विधुर, मेपलच्या झाडांच्या रसाचा पाक काढतात. त्यांच्या रानात डोंगराच्या पोटात एक गुहा आहे. खाणीचं ऐकून आले होते.
"पोरी, माझीही बघून ये ना. एडना गेल्यापासून बोलायला तेवढीच उरलीत. उन्हाळ्यात मी शिव्या देतो, ती माझे डास खातात."
उद्या जाते म्हटलं.

३१ जानेवारी
सगळी झोपलेली! चारशे अठरा! नाकं स्वच्छ, अंगावर दवाचे थेंब. बाहेर येऊन एल्डनना मिठीच मारली. त्यांनी धिरडी करून घातली, वर पाक. "खा. हाडं दिसायला लागलीत तुझी." चार दिवसांनी पोटभर जेवले.

९ फेब्रुवारी
डोळे मिटले की ते छत दिसतं. रिकामं. हाताचा वास जात नाही.

१८ मार्च
खाणीत दोन.

१२ ऑगस्ट
एल्डनच्या कोठारावर संध्याकाळी वटवाघळांची नुसती झुंबड. म्हातारा खुर्ची टाकून खुशाल शिव्या देत होता.

२ डिसेंबर
वटवाघळं मोजणाऱ्यांची बैठक. एकजण म्हणाला, बुरशी वटवाघळांतून वटवाघळांत पसरते. पण माणसांच्या बुटांच्या चिखलातूनही जात असावी. बर्निसनं माझ्याकडे पाहिलं. मी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.
खाण २७ तारखेला. एल्डनची गुहा ३१ला. तेच बूट. तीच दोरी. पुसलेसुद्धा नव्हते.
पण वटवाघळंही उडत गेली असतील की! डोंगर काही लांब नाही.
एल्डनना अजून सांगितलेलं नाही.

१४ फेब्रुवारी २००९
दुपारी एल्डनचा फोन. "अंगणात पडलीत गं. बर्फावर. पन्नासेक तरी."
मी सांगून टाकलं. बूट, चिखल, तारखा — सगळं.
एल्डन म्हणाले,
"तरी ये. मला एकट्याला वेचवत नाहीत."