पहिलं बाळंतपण

चि. वृषालीस,
आबाचे अनेक आशीर्वाद.

पहिलं बाळंतपण माहेरीच, म्हणून तुझी आई महिनाभर दुपटी शिवतेय. पण बाळा, तू येऊ नकोस. पुण्यात तुझ्या घरापासून दवाखाना दोन गल्ल्यांवर आहे. इथं एकच नर्सबाई पाच गावं फिरते. आपल्या उपकेंद्रात ती मंगळवारी येते, एरवी कुलूप. मागच्या गुरुवारी शेजारच्या रेश्माला कळा लागल्या. टेम्पो मिळून जामखेड गाठेपर्यंत बाळ गेलं. रेश्मा तेवढी वाचली.

तरी आई ऐकेना. "लेक सासरी बाळंत झाली, तर लोक माझ्या तोंडात शेन घालतील!"

म्हटलं, "घालू देत. तूच पुण्याला जा अन् तिथं तिचं माहेर कर."

तिनं हातातल्या दुपट्याची घडी घातली. मग म्हणाली, "व्हय, पन डिंकाच्या लाडवांचा डबा तुमी उचलायचा."

एवढं लिहून परत वाचलं. दिवस भरत आलेल्या पोरीला रेश्माचं कसं कळवू? हे पत्र टाकत नाही. दुसरं लिहितो, की विहीर आटली, पाण्याचे हाल आहेत, म्हणून आम्हीच येतोय.

तुझा,
आबा