पुढे व्सेवोलोद, मागे मी

प्रिय ग्लाफिराताईस धाकट्या प्रोखोरचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला? इकडे बाळ-बाळंतीण सुखरूप, आंघोळघराचं छप्पर तेवढं गळतंय, आणि मी जळतोय.

उस्तीन्याला मुलाचं नाव व्सेवोलोद ठेवायचंय! गावात त्या नावाचा माणूस एकच, तो अकॉर्डियनवाला. (लग्नाआधी ही प्रत्येक जत्रेत त्याच्याबरोबर नाचायची. मी कुंपणाला टेकून सूर्यफुलाच्या बिया सोलत असायचो.) आता पोराच्या नावामागे बापाचं लागून जन्मभर माझ्याच घरात ‘व्सेवोलोद प्रोखोरोविच’! पुढे तो मिरवणार, मागून मी फरपटत.

म्हटलं, नावाचा अर्थ तरी वाईट निघेल. खारवलेल्या अळंब्यांची बरणी घेऊन चर्चमधल्या म्हाताऱ्या डीकनकडे गेलो. बरणी ठेवून घेत तो म्हणाला, हे जुनं स्लाव नाव, राजपुत्रांचं; सगळ्यांवर राज्य करणारा. माझं नाव ग्रीकांकडून आलेलं. नाचगाण्याच्या मेळ्याचा म्होरक्या! हे ऐकून उस्तीन्या पोट धरून हसली. (आमच्या लग्नात नाचताना मी तुझाच अंगठा चेचला होता ना?) बघ ताई, नाचतो तो आणि नाव माझं! राज्य म्हणशील तर त्याच्या घरी सासूचं, माझ्या घरी मांजराचं.

शेवटी विचारलंच, “अजून आठवतो का गं तो?”

“आठवतो की! हात फार घामट होते त्याचे. अरे प्रोशा, नाव छान आहे म्हणून ठेवतेय. आता बाळाला घे, मला झोपू दे.”

माझं काही समाधान झालं नाही. रविवारी बाप्तिस्मा, धर्ममाता तू. तेव्हा आपणहून सुचल्यासारखं तिला लिही, की त्या नावाच्या माणसांना लवकर टक्कल पडतं.

तुझा,
प्रोखोर

ता. क. नोंदणी कचेरीत रांगेत माझ्यापुढे तोच! त्यालाही मुलगा झालाय आणि त्याच्या बायकोनं हट्टानं नाव ठेवलंय, प्रोखोर! म्हणजे त्याच्या घरी पुढे मी, मागे तो. मी लगेच ‘व्सेवोलोद’ लिहून सही ठोकली. टकलाचं राहू दे.

ता. क. दुसरा. त्याच्या बायकोला माझंच नाव का सुचावं? जत्रेत माझ्याकडे बिया मागायला यायची, ती हीच ना? उस्तीन्याला हे मी सांगितलं तर ती नुसती हसली. एकदासुद्धा जळली नाही गं ती माझ्यावरून! तेवढं बियांचं तू तिला लिही. थोडं वाढवून लिहिलंस तरी चालेल.