वाढत्या पायांचे पलंग

ता. ४ फेब्रुवारी

चि. थोरल्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या बहिणीने जुनी मिनीबस घेतली, तीत ती दोन्ही मुलांसकट राहणार, आणि मी तिला अडवायचं सोडून मुलांचे पलंग करतोय, म्हणून तू मला चांगलंच फैलावर घेतलं आहेस. घे बापड्या. बापाला रागवायचं तुझं वय झालंय. पण करवत काही मी खाली ठेवणार नाही.

तू म्हणतोस, मुलांना वसतिगृहात ठेवा, नाहीतर माझ्याकडे पाठवा. अरे, ती गावोगावच्या दवाखान्यांतली एक्स-रेची यंत्रं दुरुस्त करत फिरते. जावई गेल्यापासून मुलं माझ्याकडे आणि ती रस्त्यावर. मागल्या खेपेला आली, तेव्हा धाकट्याने तिला अगदी लाडात येऊन विचारलं, की आई, तू तुझ्या घरी कधी जाणार? ती हसली आणि न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली. पुढच्या आठवड्यात बस दारात उभी. शाळेचं म्हणशील, तर ती बाहेरून परीक्षा देववणार आहे. शिकवायला ती समर्थ आहे.

आता पलंगांचं ऐक. धाकटा झोपेत गरागरा फिरतो, म्हणून त्याला मी भोवरा म्हणतो. थोरली पाय वर करून झोपते, ती टिटवी. भोवऱ्याचा पलंग दिवसा पलंग नाहीच. दोन बाकं आणि मधे टेबल. रात्री टेबलाचा पाय दुमडायचा, फळी बाकांच्या कडांवर टेकवायची, वर गाद्या. शिवाय कठडा, नाहीतर पोरगं फिरत फिरत ड्रायव्हरच्या जागेवर पोचेल. टिटवीचा पलंग वर, बिजागऱ्यांवर. सकाळी उचलून भिंतीला लावायचा. त्याची खालची बाजू मी काळी रंगवली आहे. पलंग उभा राहिला की झाला फळा! जन्मभर शाळेची बाकं दुरुस्त केली, एक फळा घरचा नको?

तुला वाटेल, म्हातारा स्वप्नात आहे. असेन. मागच्या बाकाचा खिळा ठोकायचा थांबवून कविता ऐकत उभा राहणारा सुतार मी. वाचनमालेतली सगळी पाखरं संध्याकाळी घरट्याकडे वळायची. गोगलगायीचं कुणाला काही सुचलं नाही, म्हणून रंधा मारता मारता मीच जुळवलं:

घर पाठीवर, वाट पोटाखाली,
गोगलगाय कुणाला विचारून निघाली?

सोबत पलंगांचा नकाशा आहे, मापांसकट. नीट पाहा नि मग बोल. सूनबाईंना आशीर्वाद. राग असू दे, पत्र थांबवू नकोस.

तुझा,
बाबा

ता. १३ फेब्रुवारी

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

कविता हिला वाचून दाखवली. ती तत्काळ तुमच्या पक्षात गेली. घरात मी एकटा पडलोय, हे आधी कळवतो.

मी मात्र नकाशा वाचला. फळ्याची युक्ती झकास, कबूल. पण बाबा, दोन्ही पलंग साडेचार फुटी! टिटवी सुट्टीत इथे आली, तेव्हाच सव्वाचार फूट भरली होती. उशी धरली तर वर्षभरात तिचे पाय बाहेर लोंबतील. मी दुसरीत असताना तुम्ही मला टेबल केलं होतंत. मी उंच होईन म्हणून त्याच्या पायांना लावायचे ठोकळे तेव्हाच करून माळ्यावर ठेवले होतेत. तुम्ही मुलांचं माप चुकणारे नाही. म्हणून विचारतो: वर्षभरात ती दमून परत येईल, असं तुम्हालाही वाटतं ना? मग आपण दोघं एकाच मताचे. मी बोलून दाखवतो, तुम्ही रंधा मारता, एवढाच फरक.

तिलाही नकाशा पाठवला आहे. चहाडी म्हणा हवं तर. पाठीला जपा, आणि माझ्यावरची माया आटू देऊ नका.

आपला,
थोरला

ता. २१ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न.

दादाने पाठवलेला नकाशा दवाखान्याच्या पायरीवर बसून पाहिला. डोळे भरून आले वगैरे काही नाही, खोटं कशाला सांगू? डोकंच फिरलं.

मी सहलीला निघालेली नाही. मुलांना माझ्याबरोबर वाढवायला निघाले आहे, आणि वाढवायचं म्हणजे ती लांब होणारच! दादा निदान तोंडावर बोलतो. तुम्ही मला धीर देत राहिलात आणि माझी परतीची तारीख गुपचूप फळीत घालून ठेवलीत. असले पलंग मला नकोत. मुलं चटईवर झोपतील, भोवरा खुशाल बसभर फिरेल. पण त्या फळीवर मी त्यांना निजवणार नाही.

आठ मार्चला येते. नऊला निघायचं पक्कं आहे, पलंग असोत वा नसोत. पाठीला तेल लावता, की नुसतं बाटलीकडे बघता? टिटवीच्या हाती द्या, ती सोडणार नाही.

रागावलेली, पण तुमचीच,
धाकटी

ता. ९ मार्च

चि. थोरल्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

नकाशा तू बरोबर वाचलास. धाकटीचं पत्र आलं त्या दिवशी मी दोन्ही पलंग बसमधून उपटून अंगणात टाकले. टिटवीने विचारलं, की आजोबा, चुकलं का? मी म्हटलं, हो, तुझे पाय मोजायचे राहिले.

आता दोन्ही पलंगांच्या पट्ट्या फण्या एकमेकींत अडकवाव्यात तशा बसवल्यात. ओढशील तसा पलंग लांब होतो, पार सहा फुटांपर्यंत. पायाकडचं कपाट कापून बुटकं केलं. वरचा पलंग त्याच्या माथ्यावर सरकतो, खालचा त्याच्या पोटात शिरतो. धाकटीचे कपडे कुठे ठेवायचे, हा प्रश्न उरला. ती म्हणाली, कमी कपडे घालीन. मग स्वतःच खो-खो हसली. बऱ्याच दिवसांनी हसली बघ.

एवढ्या लांब पट्ट्यांना जुनं, मुरलेलं सागवान हवं होतं. बाजारात मिळालं असतं, गेलो नाही. मधल्या खोलीतला मुलांचा मोठा पलंग मोडला. तोच, ज्यावर तुम्ही दोघं भावंडं लहानाची मोठी झालात. टिटवीने पट्ट्या धरल्या, मी कापल्या. तो खोलीत अंथरलेला राहिला असता, तर मी रोज संध्याकाळी चादर झटकून वाट बघत बसलो असतो, आणि धाकटीला फोनवर तिकडची हवा विचारता विचारता कधी येतेस ते विचारून गेलो असतो. आता या घरात मुलांना निजायला पलंग नाही. मुद्दामच नाही. तेव्हा आपण एकाच मताचे, हे तुझं वाक्य मागे घे.

बस आज सकाळी गेली. कोपऱ्यावर वळताना भोवऱ्याने मागच्या काचेतून हात हलवला. मी बराच वेळ अंगणातला भुसा झाडत होतो. झाडून झाला होता, तरी झाडत होतो.

पुढल्या महिन्यात ती तुझ्या गावच्या दवाखान्यात येईल. त्यांच्यासाठी खोली आवरू नकोस, गाद्या उन्हात घालू नकोस. फाटकापुढची तुझी गाडी तेवढी बाजूला काढ. पलंग ती आपले घेऊनच येतील.

जागा करशील, हा भरवसा ठेवून,
बाबा