जपानी सिनेमाचा खरा शेवट

अल कुसैस, दुबई
१४ जानेवारी २००३

प्रिय तय्यब,

तुझं पत्र पोचलं. मजकूर तुझा, अक्षर तुझ्या लेकीचं, यम्नाचं. पोरगी माझ्या अबुजरला द्यायची म्हणतोस, म्हणजे बारा वर्षांनी दोस्तीची सोयरीक होईल. वाचून मला आनंद झाला असेल असं वाटलं ना तुला? संताप झाला. तुझा चांगुलपणा मला तेव्हाही झेपला नाही, आताही झेपत नाही. दर ईदला पत्र, दर उन्हाळ्यात कुणाच्या तरी हातून फणसपोळी, आणि तक्रारीची एक ओळ नाही. चार शिव्या घातल्या असत्यास तर मी सुखाने जेवलो असतो. मोठा हातिमताई लागून गेलास!

तो जपानी सिनेमा आठवतो? इथल्या खोलीत आपण सहा जण, एक व्हीसीआर आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली ती काळ्या-पांढऱ्या सिनेमाची कॅसेट. टोळीवाले, जुगारी, फुलांची चित्रं असलेले पत्ते. खाली इंग्रजी ओळी यायच्या. तुला मराठी वाचायची मारामार, इंग्रजी कुठून येणार? मी वाचून सांगायचो. अड्ड्यावर धाड पडते, दादा खिडकीतून पळतो, आणि त्याचा माणूस पोलिसांना म्हणतो, पत्ते माझे. पाच वर्षांनी तो सुटतो तेव्हा तुरुंगासमोरून दादाची मोटार जाते. दादा त्याच्याकडे बघून ड्रायव्हरला काहीतरी बोलतो. मी तुला वाचून दाखवलं, ‘हा माझा भाऊ.’ तुझे डोळे भरून आले. मग म्हणालास, भाऊ आहे तर गाडीत का नाही घेतला? मी म्हटलं, पुढच्या वळणावर थांबलाय, तेवढं दाखवलं नाही. तुला तेही पटलं. तीन शुक्रवार तोच सिनेमा लावायला लावलास.

पुढच्याच महिन्यात आपल्या खोलीवर धाड आली. पत्ते माझे होते, डाव मी बसवला होता. मी गॅलरीतून शेजारच्या खोलीत उडी टाकली आणि भिंतीपलीकडून तुझा आवाज ऐकला, ‘मेरा है साब, सब मेरा है.’ तीन महिने कोठडी, मग थेट विमानतळ, आणि परत यायची कायमची बंदी. मी एकदाही भेटायला आलो नाही. घरी तू सांगितलंस, कंपनी बंद पडली. मी इथे सुपरवायझर झालो, बायकापोरांना आणलं. अबुजरला वाटतं, बापाने सगळं हिमतीवर मिळवलं. लग्नाचं विचारलं तर म्हणतो, ‘पप्पा, आय लाइक हर. खलास.’ त्याला काय जातंय!

तुला कुणी सांगितलं होतं रे माझ्यासाठी आत जायला? मी हाक मारली होती? हे मी बारा वर्षं स्वतःलाच ऐकवतोय. एक दिवसही त्याने समाधान झालं नाही, आणि त्याचाही राग मी तुझ्यावरच काढत आलो.

यम्ना बेटी, आता तुझ्यासाठी. हे पत्र तू अब्बाला मोठ्याने वाचून दाखवते आहेस, म्हणूनच लिहिलं. फोनवर त्याला सांगितलं असतं तर त्याने ते तुझ्यापर्यंत पोचू दिलं नसतं. मोटारीतला तो दादा ड्रायव्हरला विचारतो, ‘कोण हा मूर्ख?’ तुझ्या अब्बाचा चेहरा बघून ते वाचायला माझी जीभ रेटली नाही. मी ओळ बदलली, आणि त्या खोट्या ओळीवर विश्वास ठेवून तुझा बाप माझ्या जागी तुरुंगात गेला. आता तो तुला थांब म्हणेल, कागद फाड म्हणेल. ऐकू नकोस. मी वाचताना बदललं होतं, तू एक अक्षर बदलू नकोस. मग माझ्या घरात यायचं की नाही, ते तुझं तू ठरव आणि तुझ्या मनाने कळव. या वेळी मजकूरही तुझाच असू दे.

वळणावर कधीच न थांबलेला,
तुझाच,
खैरुद्दीन