पायाळूची कंबर

झरी,
ता. २७ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. राजेश्रीस दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकीट बघून हसशील. काय करू? मला ऐकू कमी येतं, म्हणून फोनवर मी ओरडतो अन् तू बी ओरडतीस. आपलं बोलणं पार मारुतीच्या पारापर्यंत जातं, आणि ही गोष्ट पारावर जाऊन चालणार न्हाई.

माझी कंबर दुखायलीय. चार वर्षं झाली. खाली बसलो की उठायला भिंत लागती. गोळ्यांनी पोटात आग पडती. पट्टा बांधतो तो सदऱ्याच्या आतून, कुणाला दिसू नये म्हणून. तालुक्याला मोठ्या मशीनमधला फोटो काढला, तो कपाटाच्या मागं दडवून ठेवलाय.

तुला ठाऊक हाय, मी पायाळू. आई सांगायची, जन्मताना याचं डोकं न्हाई, पाय आधी आले. तवापासून कुणाच्या कमरेत उसण भरली की तो आपल्या अंगणात येतो, मी त्याच्या कमरेला हळूच लाथ लावतो, अन् माणूस हसत घरी जातो. खरं-खोटं देव जाणे. पण मागच्या रविवारी पिंगळीचे तात्याराव आले, उंबऱ्यावर पालथे पडले, मी एका पायावर उभा राहिलो अन् दुसरा पाय वीतभर बी उचलंना!  आज नवमी हाय, गुण यायचा न्हाई, असं सांगून त्यांना वाटंला लावलं.

राजे, शेत आता पोरगा जीवन बघतोय, त्याला माझी गरज न्हाई. अंगणात येणारी ही चार माणसं तेवढी माझी. पायाळूचीच कंबर गेली हे कळल्यावर ती कशाला येतील? मग मी दिवसभर करू काय? तुझ्या वहिनीला, केशरला, यातलं काहीच ठाऊक न्हाई, तू बी बोलू नकोस.

पोरांना आशीर्वाद. दादावर माया ठेव.

तुझा,
बन्सीधर

परभणी,
ता. ३ डिसेंबर २०२४

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रडले, आणि आता नुसता संताप झालाय. चार वर्षं! भाऊबीजेला पाटावर न बसता सोफ्यावरच ओवाळून घेतलंस, तेव्हा मला वाटलं, दादा आता मोठा माणूस झाला. कंबर धरलीय हे एका शब्दानं बोलला नाहीस. धन्य आहे तुझी!

आता नीट ऐक. वर्गात उभं राहून राहून माझी कंबर कामातून गेली होती, हे तुला माहीत आहे. ती सावरली डॉ. मनिषाबाईंनी. त्या ॲक्युपंक्चर करतात. केसासारख्या बारीक सुया कमरेला, गुडघ्यामागं, घोट्याजवळ टोचून थोडा वेळ तशाच ठेवतात. इंजेक्शन नव्हे, त्यात औषध नसतं. आणि बाई उगाच मोठेपणा सांगत नाहीत. ही जादू नाही, काहींना गुण येतो, काहींना फारसा नाही, असं पहिल्याच दिवशी तोंडावर सांगतात. आधी फोटो बघतात, पायातली ताकद गेली असेल तर हात न लावता मोठ्या डॉक्टरकडं पाठवतात. सोबत व्यायाम करायलाच लावतात. माझं दुखणं पार गेलं असं म्हणणार नाही, पण आता ते माझं ऐकतं. खाली बसून भाकरी थापते, आणखी काय पाहिजे?

वहिनींना सांग, डोळे तपासायला परभणीला चाललोय. खोटं बोलायचं मला आवडत नाही, पण तू काही दुसरा रस्ताच ठेवला नाहीस. कपाटामागचा फोटो घेऊन ये, आणि महिना-दीड महिना इथंच राहायच्या तयारीनं ये.

रागावले तरी लोभ जागच्या जागी आहे. तुझाही तसाच असू दे.

तुझी,
राजेश्री

झरी,
ता. ११ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. राजेश्रीस अनेक उत्तम आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. जेवायला बसायची ती खुर्ची माळ्यावर टाकली. पाटावर बसून जेवतोय, अन् उठताना भिंतीकडं बघत बी न्हाई. दिवस मावळताना जरा ठणकतं, मग बाईंनी शिकवलेले व्यायाम करतो. गोळी मात्र बंद.

काय हात हाय गं त्या बाईचा! सुई कवा गेली ते कळत न्हाई. मग आत जड जड होतं, मुंग्या येतात, अन् कंबर गरम पाण्यात सोडल्यागत सैल पडती. आठवलं की माझंच मला हसू येतं. आपल्यात लाथ घेणाऱ्यानं तोंड उघडायचं नसतं, बोललं की गुण जातो. ही रीत जन्मभर दुसऱ्याला लावली, म्हणून सुयांखाली मी बी दातखीळ बसल्यागत गप. जड वाटतंय का, मुंग्या येतात का, बाई विचारून हैराण. बहिरा समजून कानाशी ओरडल्या, तरी मी मुकाट! सुई नेमकी बसली का न्हाई हे त्यांना माझ्या तोंडूनच कळणार होतं. सुरवातीच्या खेपा अशाच वाया गेल्या. शेवटी तू आत येऊन रीत सांगितलीस, तर त्या हसल्या न्हाईत. म्हणाल्या, काका, तुमच्याकडं बोलल्यानं गुण जातो, माझ्याकडं न बोलल्यानं. मानलं बाईला.

आता खरं सांगायचं ते. परवा रविवारी तात्याराव परत आले. अंगणात बरीच मंडळी होती. मी उभा राहिलो अन् पाय उचलला. उचलला गं! लाथ लावली, अन् मग काय झालं कुणास ठाऊक, सगळ्यांसमोर बोलून गेलो, की माझी कंबर माझ्या पायानं न्हाई, परभणीच्या बाईंच्या सुयांनी बरी झालीय, तवा दुखणं जुनं आसंल तर तिकडं जा.  वाटलं, संपलं. तर तात्यारावांनी बाईंचा पत्ता विचारला, अन् निघताना म्हणाले, रविवारी लाथ घ्यायला येतोच, दोन्ही करून बघतो.

निघायच्या दिवशी बाईंनी विचारलं, काकू शेतात राबतात, त्यांची कंबर कशी हाय? म्हणलं, एकदम ठणठणीत, तिनं कवा तक्रारच केली न्हाई. त्या नुसत्या माझ्याकडं बघत राहिल्या. ते बघणं काही केल्या डोक्यातून जाईना.

पाकीट केशरकडं देतोय डकवायला. तुझे उपकार म्हणणार न्हाई, माया म्हणतो.

तुझा,
बन्सीधर

(त्याच पाकिटात)

सौ. राजेश्रीताईस केशरबाईचा नमस्कार.

पाकीट दोन दिसांमागं माझ्याकडं दिलं, अजून डकवलं न्हाई, म्हणून माझी बी चिठ्ठी घालते. आक्षर समजून घ्या.

तुमच्या भावाला वाटतं, मला काही कळत न्हाई. डोळे तपासायला जाणारा माणूस कमरंचा फोटो काखंत मारून जातो व्हय? त्यो पट्टा बी मीच धुवून जागच्या जागी ठिवायची. ह्यांना वाटायचं, पट्टा मळतच न्हाई! पर ह्यांनी झाकलं, म्हणून म्या बी झाकलं. माणसाची इज्जत असती.

काल म्या हरभरा उपटून आले अन् दाराची चौकट धरून उठायले, तर हे समोर येऊन उभे.  मग हळूच इचारलं, केशर, तुझी बी कंबर दुखती का? ताई, सारं गाव ह्या अंगणात कंबर घेऊन आलं, पर मला कुणी इचारलं न्हवतं. पायाळूचा गुण बायकोला लागत न्हाई, आसं सासूबाई म्हणायच्या. अन् पायाळूच्या बायकोचीच कंबर दुखती म्हणलं आसतं, तर ह्यांच्या दारात कोण आलं आसतं? म्हणून म्या कवाच बोलले न्हाई. काल मात्र सांगून टाकलं, लग्नापासून दुखती. हे लेकरागत रडले. मग म्हणले, सोमवारच्या गाडीनं चल.

तवा आमी दोघं येतो. सुया टोचताना म्या बोलंन, भिऊ नका, लय बोलंन. शेजारच्या बायांनी इचारलं तर डोळ्याचं सांगू नका. केशरबाई कंबर दाखवायला आलीय, आसंच सांगा.

जीव लावता तसाच लावत ऱ्हावा.

तुमची,
केशरबाई