बाराव्या फ्रेटसमोर एक वीत

३ फेब्रुवारी २०२४, शनिवार

दिवाळीनंतर एक ओळ लिहिली नाही. चूक माझीच. कॉलेजच्या परीक्षा, पेपर तपासणी ही कारणं खरी आहेत, पण पुरेशी नाहीत. लिहावं असं काही घडलं नव्हतं, एवढंच. आज घडलं. राग आलाय.

ऋषभने माझं रेकॉर्डिंग परत पाठवलं. दुर्गला त्याचा स्टुडिओ आहे. इकडच्या गिटार वाजवणाऱ्यांचा एक संग्रह काढतोय, त्यात माझीही एक धून घेणार होता. शाळेपासून वाजवतेय मी, पण घराबाहेर कुणी ऐकलेलं नाही. ही पहिलीच वेळ! फोनवर म्हणाला, "ताई, आवाज दबून राहिला. माइक का झंझट छोड़ो, स्टुडिओत या, सीधे गिटार में केबल लगा देते हैं." बारा तारखेपर्यंत चांगलं काही आलं नाही तर धून वगळणार.

केबल लावायची नाही! केबलमधून तारा ऐकू येतात, लाकूड येत नाही. माझी गिटार लाकडाची आहे. इथेच करीन, मरोद्याच्या घरातल्या माझ्या या खोलीत, माइकनंच.

४ फेब्रुवारी, रविवार

पंखा बंद, फ्रिज बंद. आधी माइक गिटारच्या भोकासमोर लावला. नुसतं घुमतं — मडक्यात तोंड घालून कुणी बोलावं तसं. मग जिथे गिटारची मान धडाला मिळते तिथे, बाराव्या फ्रेटसमोर, म्हणजे मानेवरच्या बाराव्या पट्टीसमोर, एक वीत अंतरावर. सगळे सांगतात ती जागा. घुमणं गेलं. पण गिटार इतकी बारीक येते की आवाज वाढवावा लागतो, आणि वाढवला की माझा श्वास, खुर्चीची करकर, स्वयंपाकघरातली भांडी — सगळं गिटारच्या वरचढ.

फ्रिज बंद पाहून आई म्हणाली, "दूध नासलं तं तुया माइकलेच पाजजो."

६ फेब्रुवारी, मंगळवार

वीतभर नाही, दोन वीत. खुर्ची बदलली. खिडकीला गोधडी. काही फरक नाही.

७ फेब्रुवारी, बुधवार

ऋषभला नवं पाठवलं होतं. त्याचं म्हणणं, माइक आता ठीक आहे. दबलाय तो हात.

लागलं, कारण खरं आहे. बाबा स्टील प्लांटमधून नाईट करून सकाळी यायचे आणि माझ्या खोलीच्या पडद्यापलीकडे, मधल्या खोलीत झोपायचे. प्लांटवाल्यांच्या घरांतला कायदाच तो — नाईटवाला झोपला की पोरं गल्लीतसुद्धा कुजबुजत खेळणार. मला वाजवायचं असलं की आई तारांखाली नॅपकिन खोचून द्यायची. "हळू! बाबा झोपले हायेत." नॅपकिन केव्हाच गेला. हात तोच राहिला.

म्हणजे हा हात म्हणजे एक खोड? की तोच माझा? केबल नको म्हणते ते तत्त्व, की नुसता हट्ट? प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार

आज मुद्दाम जोरात वाजवलं. माइक तिथेच, बाराव्या फ्रेटसमोर. आवाज मोठा आला, स्वच्छ आला. ऐकला — ती मी नव्हे. माझीच धून कुणीतरी माझ्यावर खेकसून म्हणत होतं. पुसून टाकली.

बाबा दारात येऊन उभे. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी दिवसा झोपायची सवय गेलेली नाही.

"कावून आपटून राहिली त्या गिटारले?"

मग मी बोलले. तुमच्या झोपेपायी जन्मभर हळू वाजवलं, आता हाताला दुसरं येत नाही, असं सगळं. नको इतकं बोलले.

त्यांना कळेचना. "मायासाठी? मी कधी म्हटलं हळू वाजव म्हणून?"

आम्ही दोघांनी आईकडे पाहिलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नाईटवाल्याच्या घरी चुपच राहा लागते. त्यात काय विचाराचं?"

बाबांनी पडद्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "पडद्याआडून येत जाय तुयं ते. त्यानंच तं झोप लागे मले. तू थांबली का जाग येऊन जाय."

आणि जाऊन पडले, मधल्या खोलीत, त्याच पलंगावर.

आधी भयंकर चीड आली. तो नॅपकिन! मग बराच वेळ पडद्याकडे बघत बसले.

११ फेब्रुवारी, रविवार

हात बदलणार नाही. केबल लावणार नाही. ऋषभला वगळायचं तर खुशाल वगळू दे.

बाबांना विचारलं, तुम्ही मधेच घोरलात तर?

"घोरलो तं समज, बराबर वाजलं."

उद्या: रजा आहे. दुपारी बाबा आडवे झाले की मी पडद्याच्या अलीकडे वाजवायला बसायचं, आणि माइक त्यांच्या उशाशी लावायचा.